परसातली खरपुडी

१४ सप्टेंबर २०२३

डॉक्टर म्हणाले, रोज चाला आणि किती चाललात ते लिहीत जा. म्हणून ही वही. मोंढ्यातली धान्याची आडत मुलानं, अमरनाथनं, हाती घेतल्यापासून लिहिण्यासारखं दुसरं काही उरलंही नाही. बायपास झाल्यापासून घरातले सगळे मला काचेचं भांडं असल्यासारखे जपतात. मोठ्यानं बोलत नाहीत. वाईट बातमी असली की स्वयंपाकघरात जाऊन बोलतात.

आज रूळ ओलांडून पलीकडच्या माळावर गेलो. चढाला दम लागला म्हणून खाली बसलो, आणि बसलो म्हणून दिसलं. कुसळीच्या गवतात दोऱ्यासारखी एक वेल वर चढलेली आणि तिला एक फूल. बोटाच्या एका पेराएवढं. तळाशी फुगीर, वर बारीक नळी, नळीच्या तोंडाशी पाच जांभळ्या पट्ट्या कमानीसारख्या वर जाऊन टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. मधे पाच खिडक्या. कंदीलच तो. एखाद्या सोनारानं डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून घडवावा तसा.

साठीला आलो. हयात उदगिरात गेली. या माळावरून शेकडो वेळा गेलो असेन. हे इथं होतं आणि मला ठाऊक नव्हतं! पाय भरून येईपर्यंत बसून होतो. किती चाललो ते ध्यानात नाही.

१६ सप्टेंबर

बायकोला, सिद्धम्माला, ऑटोत घालून माळावर नेलं. ती आली ती बडबडतच. फूल दाखवलं तर म्हणाली, "अय्यो, हे होय? ही तर खरपुडी. आमच्याकडं बिदरच्या बाजूला लई. खालचा कंद आम्ही उकरून खायचो."

"आणि फूल?"

"फूल नव्हतं बघितलं कधी. फूल यायच्या आधीच खायचो."

मग चष्मा पुसून वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. येताना ऑटोत एक शब्द बोलली नाही.

२९ नोव्हेंबर

वेली वाळल्या. बोटानं धरलं तर चुरा होतोय. ज्या जागी होत्या तिथं एकेक पांढरा दगड ठेवून आलो. का ठेवला, कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

३ मे २०२४

माळावर जेसीबी. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे म्हणून अर्धा उतार सकाळीच खरवडून नेलेला. माझे दगड ढिगाऱ्यात कुठं गेले कुणास ठाऊक. वरच्या अंगाचे तेवढे राहिले होते. मी यंत्रापुढं जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर तरणा माणूस, खाली उतरला. "काका, काय हरवलंय?"

मी म्हणालो, "एक झाड आहे."

त्यानं उघड्याबोडक्या माळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ऊन लागलं असावं म्हातारबाला, असं त्याला वाटलं असणार. पण भला माणूस. म्हणाला, "जेवून येतो. तंवर काढून घ्या."

खुरप्यानं उकरलं. मुरूम दगडासारखा. हाताला कंद लागला तेव्हा छातीत धडधडायला लागलं, आणि ते दुखणं नव्हतं. पाच कंद निघाले. चपटे, गोल, मातकट. एक तळहातावर घेतला. सकाळी पूजेला लिंग ठेवतो तसाच हात आपोआप झाला.

महिनोन्‌महिने ना पान ना पाणी. वर आग ओतणारं ऊन. आणि नख लावून पाहिलं तर आत ओलावा होता.

५ मे

परसात भिंतीकडेची जागा उकरली. माळावरचाच मुरूम आणला, त्यात वाळू आणि मूठभर शेणखत. खरपुडीला चढायला गवत लागतं, म्हणून कुसळीचे गड्डेही मुळांसकट आणून लावले.

सिद्धम्मा दारात उभी. "जग गवत काढायलंय अन्‌ तुम्ही लावायलाव."

"माळ घरी आणलाय."

"आणा. उद्या शेळ्या पण आणा."

पण संध्याकाळी बघतो तर तिनं चारी बाजूंनी काट्या रोवून सुतळी बांधली होती.

१३ जून

पाऊस बरा झाला. परसात सगळं तरारून आलं, खरपुडी सोडून. मी वरून पाणीही घालत होतो, रोज. आज राहवलं नाही, एक कंद उकरून पाहिला. मऊ पडला होता. वास येत होता. पाण्यानं कुजला. मीच मारला. जेसीबीच्या तोंडातून काढून आणला आणि मायेनं मारला.

उरलेल्या चौघांना आता हात लावणार नाही.

२२ जून

आला! एक कोंब. सुईच्या टोकाएवढा, तांबूस. मी गुडघ्यावर बसून पाहत होतो, तर सिद्धम्मा घाबरून धावत आली, मी कोसळलो असं वाटून. तिला खाली बसवलं, दाखवलं. दोघं तसेच बसलो.

तूर, हरभरा, सोयाबीन, काय काय हातातून गेलं. मूठ भरायची, वास घ्यायचा, भाव सांगायचा. त्या पोत्यांतला दाणा न् दाणा जिवंत होता, निजलेला होता, हे मला आज कळतंय. केवढी मोठी निजलेली गर्दी माझ्या गोदामात होती!

९ ऑगस्ट, पंचमी

मंजुश्री आली नांदेडहून. पंचमीला लेक येते, त्यात नवल नाही, पण यंदा एकटीच आली, एका पिशवीत चार कपडे घेऊन. मोबाइल बिघडलाय म्हणे. बाहीखालून हातावरची पट्टी डोकावत होती, बाथरूममध्ये घसरून गरम पाण्यानं भाजलं म्हणाली. उन्हाळ्यासारखं उकडतंय तरी मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. नांदेडची फॅशन असेल.

तिला आधी परसात नेलं. वेली आता गवताच्या वर निघाल्यात. पानं जाड, पोपटी. तिला सांगत सुटलो, माळ, जेसीबी, कंद, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणी असं ऐकायची, डोळे मोठे करून. मला फार बरं वाटलं.

झोका बांधला होता, पण ती बसली नाही.

१४ ऑगस्ट

आनंदराज, आमचे जावई, फार काळजीचा माणूस. रोज दोनतीनदा फोन. काय करायलीय, कुठं गेली होती, कुणाशी बोलली, सगळं विचारतात. इतकी चौकशी मी सिद्धम्माची जन्मात केली नाही. आज म्हणाले, तिला फोनवर बोलवा. मी हाक मारली तर मंजुश्री न्हाणीघरात जाऊन बसली. सिद्धम्मानं माझ्या हातातून फोन घेतला आणि "ती झोपलीय" म्हणून ठेवून दिला. असं खोटं कशाला बोलायचं? मी तसं म्हणालो, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी परसात निघून आलो.

दोघी मायलेकी हल्ली एकाच खोलीत झोपतात. बायकांच्या गप्पा.

२१ ऑगस्ट

संकट! वेलीची पानं कुरतडलेली. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या, चांगल्या जाड. औषध मारायला पंप काढला तर मंजुश्रीनं हात धरला. "मारू नका अप्पा. फुलपाखरं होणारेत ती."

"माझी वेल खायलीत."

"त्यांना दुसरं खायला देते."

गल्लीच्या टोकाला रुईचं झुडूप आहे. तिनं एकेक अळी पानासकट अलगद उचलली आणि त्या रुईवर नेऊन सोडली. किती खेपा घातल्या! अळ्या तिथं लगेच खायला लागल्या म्हणे. पोरीनं बी.एस्सी. करून चार वर्षं शाळेत शिकवलं, ते उगीच नाही. लग्नानंतर नोकरी सोडली. आनंदराजना आवडत नव्हतं.

दुपारी अमरनाथच्या हातून तेलाचा रिकामा डबा फरशीवर पडला. केवढ्यानं वाजला! मंजुश्री भिंतीशी होती, ती मटकन खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मी हसलो. म्हणालो, "शहरात राहून भित्री झालीस ग." कुणी हसलं नाही. अमरनाथ तर डबा तसाच टाकून बाहेर गेला.

२६ ऑगस्ट

परसाच्या दाराला सिद्धम्मानं नवं कुलूप आणून लावलं. म्हणालो, खरपुडी चोरायला कोण येणार? ती किल्ली कमरेला खोचून आत गेली.

कळ्या धरल्यात! लांबट, हिरव्या, टोकाशी जांभळ्या. मंजुश्री सकाळी उठून माझ्याआधी तिथं असते.

१ सप्टेंबर

पहिलं फूल उमललं.

लिंगपूजा उरकून गेलो तर मंजुश्री वेलीशी बसलेली. "हळू या अप्पा." जणू आवाजानं मिटेल. वाचायचं भिंग घेऊन दोघांनी पाळीपाळीनं पाहिलं. नळीच्या आत पांढरे बारीक केस, सगळे खालच्या अंगाला वळलेले. बाहेरून पाच खिडक्या उघड्या, कुणीही यावं. आत मात्र अशी व्यवस्था.

हे कुणी केलं? कुणासाठी? माळावर, जिथं कुणी पाहत नाही, तिथं वर्षानुवर्षं हे होत आलंय. मुरूम काढणारं यंत्र वर उभं होतं तेव्हा हे सगळं खाली त्या मातकट कंदात होतं. खिडक्या, कमानी, रंग, केस. माझी मती चालत नाही. अंगावर काटा येतो एवढं लिहितो.

२ सप्टेंबर

आज पाहिलं ते लिहून ठेवलं पाहिजे.

चिलटाएवढी एक माशी आली. खिडकीवर बसली, आत डोकावली आणि पाय घसरल्यासारखी नळीत गेली. मग आणखी एक. खालच्या फुगीर भागाची भिंत पातळ, उजेड आला की सावली दिसते. सावल्या वर यायला बघत होत्या, केसांना अडून पुन्हा खाली जात होत्या. परत वर. परत खाली.

मी म्हणालो, "मेल्या बिचाऱ्या."

मंजुश्री म्हणाली, "नाही मरत. पुस्तकात वाचलंय. फुलाचं काम झालं की केस वाळतात."

पण तिचा चेहरा उतरला होता. भिंग परत देईना. मग विचारलं, "अप्पा, आत असताना तिला वाटत असंल का, बाहेर कुणीतरी बघायलंय म्हणून?"

"माशीला काय वाटणार ग?" मी म्हणालो.

ती हसली थोडी. फार दिवसांनी हसली.

३ सप्टेंबर

झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी फूल कलंडलं होतं. काल ताठ, आज मान वळवून जमिनीकडं. मंजुश्री आधीच बसलेली. बराच वेळ काही झालं नाही. मग खिडकीत एक पाय दिसला. माशी बाहेर आली, कमानीवर थांबली. अंगाला पिवळे कण चिकटलेले. पुढचे पाय एकमेकांवर घासून तिनं डोळे पुसले आणि उडाली. पाठोपाठ दुसरी. मी तोंडानं "शिव शिव" म्हणत होतो. एवढंसं फूल, त्यानं पाहुण्याला कोंडलं, काम करून घेतलं आणि आपणहून वाट मोकळी केली.

मंजुश्री रडत होती. आवाज न करता. डोळे पुसायला तिनं हात वर केला आणि बाही कोपरापर्यंत घसरली.

पट्टी नव्हती आता. डाग होता. खाली रुंद, वर निमुळता, शेवटी टोकदार. मी त्या आकाराकडं पाहत राहिलो. घसरून पडलेल्या माणसाला तसा डाग होत नाही. आमच्याही घरात कपाटावर तशी इस्त्री आहे. शेजारी तसाच आणखी एक डाग होता, जुना, पांढरा पडलेला.

"मंजू, हे काय आहे?"

तिनं बाही खाली ओढली नाही. म्हणाली, "तुमच्या छातीला सोसंल का?"

मी म्हणालो, "सांग."

आणि तिनं सांगितलं. इथं लिहवत नाही. तीन वर्षांचं आहे. फोन बिघडला नव्हता, भिंतीवर फोडला होता.

संध्याकाळ

सिद्धम्माला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "पंचमीला, न्हायला पाणी काढून दिलं तवा." अमरनाथलाही ठाऊक. सुनेलाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नाही.

"डॉक्टरनं सांगितलं होतं, तुम्हाला धक्का नको. एकीला सांभाळू का दोघांना, मला कळंना." ती पदरात तोंड घालून बोलत होती. "अन्‌ तुम्ही रोज त्या जावयाशी फोनवर गोड गोड बोलायलाव. ऐकून माझ्या जिवाची लाही व्हायची."

डब्याच्या आवाजाला मंजू खाली बसली आणि मी हसलो होतो.

छाती दुखली नाही. दुखेल असं वाटलं होतं.

८ सप्टेंबर

काल गणपती बसला. आज आनंदराज आणि त्याचे वडील चंद्रप्पा मोटार घेऊन आले. परवा महालक्ष्म्या, घरची सून घरी पाहिजे म्हणून न्यायला. पेढे आणले होते.

"शरणार्थ पाहुणे," चंद्रप्पा म्हणाले. मीही शरणार्थ म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. आनंदराज वाकून पाया पडला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. किती स्वच्छ, किती हसरा. परीटघडीचा शर्ट. त्या घड्यांकडं मला बघवेना.

मी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवेना. एवढंच म्हणालो, "मंजुश्री येणार नाही."

चंद्रप्पा हसले. "पाहुणे, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. लोकांत बोभाटा कशाला? तुमचंही नाव आहे मोंढ्यात, आमचंही आहे."

आनंदराज म्हणाला, "मी तिच्याशी दोन मिनिटं एकटा बोलतो. परसात बोलतो."

"परसात नाही," मी म्हणालो. "बोलायचं ते इथं बोला."

तेवढ्यात ती स्वतःच बाहेर आली. सिद्धम्मा मागून ओढत होती, पण आली. आखूड बाह्यांचा ड्रेस घातला होता. चंद्रप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला.

"मामा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी ओरडत होते तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला. मला आतून ऐकू आला, एकेक टप्पा वाढताना."

चंद्रप्पा पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सारखा करू लागले.

आनंदराजचं हसू गेलं. "तमाशा करू नको. चल," म्हणत त्यानं तिच्या मनगटाला धरलं. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. दोघांच्या मध्ये होतो. माझी छाती त्याच्या छातीला लागत होती. म्हणालो, "सोडा." ओरडलो नाही. अमरनाथ दारात येऊन उभा राहिला. त्यानं सोडलं.

जाताना चंद्रप्पा म्हणाले, "पोरीच्या जन्माचं वाटोळं करायलाव तुम्ही." मी पेढ्यांचा पुडा उचलून त्यांच्या मोटारीत ठेवला.

आत आलो तर मंजुश्री जमिनीवर बसली होती. सिद्धम्मा पाठीवरून हात फिरवत होती. मी जवळ बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "खरपुडीचं बघ, दार उघडतंच शेवटी."

तिनं वर पाहिलं. "अप्पा, फुलानं सोडलं तिला. मला कुणी सोडलं नाही. पहाटेची बस धरून आलेय मी."

खरं आहे. उगीच बोललो. मी फुलाकडं पाहून थक्क होत होतो, आणि पहाटे, हाताला जखम, फोन नाही, पिशवीत चार कपडे, नांदेडहून बस धरून एक माणूस आलं होतं, त्याला मी वेल दाखवत बसलो.

११ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या जेवल्या. गल्लीतल्या बायका आल्या. कुजबुज झाली. सिद्धम्मानं सगळ्यांसमोर मंजुश्रीच्या हातानं वाढायला लावलं.

४ ऑक्टोबर

लातूरच्या वकीलबाईंकडं जाऊन आलो. मंजुश्री सगळं स्वतः बोलली. बाई मधूनमधून मला विचारायच्या, तर मी म्हणायचो, तिला विचारा.

वेलींवर अजून फुलं आहेत. बरीच. दिवसभर पाहिली नाहीत.

१७ नोव्हेंबर

दोन दोन शेंगा, बैलाच्या शिंगांसारख्या. आज दुपारी उन्हात एक उकलली. आत चपटे तपकिरी दाणे, एकावर एक, कौलं रचल्यासारखे, आणि प्रत्येकाला रेशमाचा झुबका. वारा आला. पहिला दाणा सुटला, झुबका फुलला, आणि तो उभा वर गेला. मग रांगच लागली. सिद्धम्मा पातळ फडकं घेऊन धावली, थोडे धरले. बाकीचे भिंतीवरून, विजेच्या तारेवरून, मोंढ्याच्या दिशेनं गेले.

"जाऊ द्या," मंजुश्री म्हणाली. "सगळे धरायचे नसतात."

आम्ही तिघंही माना वर करून उभे. एवढ्याशा बियांना एवढं आभाळ.

६ डिसेंबर

वेली वाळल्या. परसात नुसतं पिवळं गवत.

२ मार्च २०२५

कोर्टात तारखा पडतायत. आनंदराज एकदा आला, एकदा नाही. मंजुश्री प्रत्येक वेळी जाते. येताना बसमध्ये झोपते. तिनं शाळांमध्ये अर्ज केलेत. मी म्हणालो, घाई काय आहे, घर आहे ना? म्हणाली, "घर आहे म्हणूनच जाता येतंय."

हे वाक्य मला कळलं असं वाटत नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

१२ जून

चारही आले. आणि शेजारी कुंडीत, फडक्यात धरलेल्या बियांतून, दोन दोन पानांची हिरवी टिंबं. मोजायला गेलो आणि मोजणं सोडून दिलं. सिद्धम्मा हसायला लागली. म्हणाली, "आता माळावर लावून या. वरचा उतार अजून राहिलाय." हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

कोंबाला बोट लावलं नाही. जवळ नेलं फक्त. गार वाटलं, की तसं वाटलं मला.

२३ जून

लातूरजवळच्या मुरुडला जाऊन आलो. मंजुश्रीला तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. एक खोली घेतलीय, रस्त्याच्या कडेला, वर पत्रे. गादी, शेगडी, दोन भांडी, बादली. मी कडी तपासली, खिडकीचे गज हलवून पाहिले, घरमालकिणीला दोनदा नंबर दिला. रात्री एकटी राहणार. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं.

"अप्पा, झालं आता," ती म्हणाली. "मला दहाला शाळेत पोचायचंय."

"मी थांबतो दोन दिवस."

"अव्वाला काय सांगून आलाव?" तिनं आईचं नाव काढलं.

"संध्याकाळी येतो म्हणून."

"मग जावा." तिनं केस बांधले. पिशवीत डबा टाकला. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मी हात पुढं केला होता. कुलूप लावलं की किल्ली आपल्याकडं, ही आडतीतली सवय. तिनं पाहिलं, आणि नाही दिली.

शाळेच्या फाटकाशी वाकून नमस्कार केला आणि आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. घंटा झाली होती.

मी स्टँडकडं निघालो. शाळेच्या भिंतीला लागूनच रस्ता जातो. पलीकडं पोरांचा नुसता कालवा चाललेला. त्या कालव्यात एकदम एक आवाज चढला, "बसा सगळे! वह्या काढा!"

ओळखायला क्षणभर लागलं. एवढा मोठा आवाज तिचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर घरात होती, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल एवढंही बोलली नाही. हा आवाज भिंत ओलांडून, रस्ता ओलांडून, समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला. चहावाल्यानं मान वर केली. वर्ग गप्प झाला. मग ती शिकवायला लागली. पाणी वर कसं चढतं, मुळातून पानापर्यंत, असं काहीतरी. शब्द सगळे लागत नव्हते.

लातूरची बस आली, थांबली. कंडक्टरनं माझ्याकडं पाहून विचारलं, "काका, यायचंय का?"

मी हातानंच नाही म्हटलं. बस गेली. भिंतीच्या सावलीत उभा राहून तास संपेपर्यंत ऐकत होतो.